वेगासात मुलीकडचे

लास वेगासच्या विमानतळावर सामान मिळायच्या आधी जुगार मिळतो. विमानातून उतरून दाराबाहेर पाऊल टाकलं, तर समोर मशिनांची रांग, लाल-हिरवे दिवे आणि त्यांच्यापुढे मांडी घालून बसल्यासारख्या निवांत बसलेल्या बायका. आमचे हे थबकले.

"हितं काय बोर्डिंग पास देतेत काय?"

"नाही. जुगार खेळताहेत."

"इमानतळावर?" त्यांनी आजूबाजूला पोलीस आहे का ते पाहिलं. एक होता. तो शांतपणे चिप्स खात होता. "आपल्याकडं निदान आडोसा तरी बघत्यात गं."

'हे' म्हणजे भास्करराव. वाळूजच्या एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर होते, आता निवृत्त. मूळचे खुलताबादजवळच्या खेड्यातले, तिथं अजून आमचं अद्रकीचं शेत आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं. राहायला आम्ही शहरात, गारखेड्यात, आणि गारखेड्यातून उठून थेट वेगासला कोणी जात नसतं. आमची मुलगी सायली फिनिक्सला असते. तिच्याकडे आम्ही उन्हाळ्यात गेलो होतो, आणि तिथून वेगास म्हणजे विमानानं तासाभराचा रस्ता.

विमानाची तिकिटं आणि हॉटेल आमच्या जावयानं काढून दिलं होतं. त्यानं ते का काढून दिलं हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून घरची गोष्ट चव्हाट्यावर मांडते.

दोन वर्षांपूर्वी सायलीनं फोन करून सांगितलं की परवा ती आणि मातेओ कोर्टात लग्न करताहेत. तिच्या व्हिसाची काहीतरी भानगड होती, घाई होती, मोठा समारंभ नंतर करू म्हणाली. मातेओ मेक्सिकन घरातला. भास्कररावांना त्याचं काही नव्हतं. मेक्सिको कुठं आहे हे त्यांनी नकाशात बघितलं, तिथंही मिरची खातात हे ऐकून मान डोलावली. त्यांचं दुखणं वेगळंच होतं. "मला इचारलं नाय, नुसतं कळवलं! कळवायला काय मी नळाला पाणी येणारंय म्हणून मेसेज वाचणारा हाय का?"

यामागे एक दुःख होतं. बीड बायपासवरच्या लग्नाच्या झाडून सगळ्या लॉन्समध्ये हा माणूस जेवून आलेला. कुठला आचारी मसालेभात चांगला करतो, कुठं पार्किंगची बोंब आहे, हे त्यांना तोंडपाठ. आयुष्यभर लोकांच्या पंगतीला बसलो, आता लोकांना आपल्या पंगतीला बसवायचं, या एका आशेवर त्यांनी कितीतरी बेचव जेवणं गोड मानून घेतली होती. आणि मुलीनं कोर्टात सही करून मोकळं व्हायचं ठरवलं. लग्नाच्या दिवशी हे सकाळीच मोटारसायकल काढून शेतात निघून गेले. फोन बंद. पुढेही सायलीशी जेवढ्यास तेवढं बोलले, आणि मातेओशी अजिबात नाही. त्याला काही सांगायचं असलं तर माझ्यामार्फत. फिनिक्सच्या घरात तो समोर बसलेला असायचा आणि हे मला म्हणायचे, "त्याला म्हणावं, एसी जरा कमी कर." तो बिचारा मराठी न कळताही उठून एसी कमी करायचा.

असे काही आठवडे काढल्यावर मातेओनं आम्हाला वेगासला धाडलं. सायली बरोबर येणार होती, पण ती ज्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते तिथं ऐनवेळी ड्युटी लागली. म्हणून आम्ही दोघंच. मला वाटतं, त्यालाही चार दिवस घरात मोकळा श्वास घ्यायचा होता. मी त्याला दोष देत नाही. मीही कितीदा तोच विचार करून माहेरी गेले आहे.

टॅक्सीनं आम्हाला स्ट्रिपवर (तिथला मुख्य रस्ता, आपला जालना रोड समजा, खड्डे वजा करून) आणून सोडलं. आणि मी मान वर करून बघतच राहिले. एका बाजूला पिरॅमिड, शेजारी न्यूयॉर्क, पुढं आयफेल टॉवर, त्याच्या पलीकडं व्हेनिस. सगळं खोटं आणि सगळं जोरात. आमच्या विमानात शेजारी बसलेल्या एका बाईंनी "तिथलं काहीच खरं नसतं हो," म्हणून नाक मुरडलं होतं. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. ताजमहालाची धाकटी बहीण, म्हणजे आमच्या शहरातला मकबरा, बघत आम्ही लहानाचे मोठे झालो. मकबऱ्याच्या बागेत शाळेच्या सहलीचे डबे खाल्ले, लग्नानंतरचा पहिला फोटो तिथंच काढला. आग्र्याचा ताज पुढं पाहिला, तेव्हा भास्कररावांचा अभिप्राय एवढाच होता, "चांगलाय. पर गर्दी लई." नकलेवर ज्यांचं प्रेम बसलंय त्यांना वेगासमध्ये परकं वाटत नाही.

व्हेनिसमध्ये तर कमाल होती. हॉटेलच्या आत, दुसऱ्या मजल्यावर कालवा. त्यात नाव, नावेत पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातलेला नावाडी, आणि वर रंगवलेलं आभाळ, त्यात ढगसुद्धा. आम्ही नावेत बसलो. नावाडी इटालियनमध्ये मोठ्यानं गायला लागला. भास्कररावांनी पाण्यात बोट बुडवून पाहिलं आणि मला हळूच म्हणाले, "ह्येला वल्हं कशाला लागतंय? खाली मोटर हाय. आवाज येतोय बघ." कारखान्यातला माणूस. नावाड्यानं विचारलं, सर काय म्हणताहेत? मी सांगितलं, सरांना तुमचं गाणं आवडलं.

संध्याकाळी कारंजी पाहिली. एका हॉटेलापुढं तळं आहे, त्यातून संगीताच्या तालावर पाण्याचे फवारे उडतात, वळतात, लवतात, दहा मजले वर जातात. लोक टाळ्या वाजवत होते. आमच्या दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण कारण वेगळं होतं. ज्यांच्या घरी नळाला पाणी येण्याचा दिवस सणासारखा असतो, त्या दिवशी पाहुण्यांनाही येऊ नका म्हणून सांगावं लागतं, त्यांनी वाळवंटाच्या मधोमध पाण्याला असं नाचताना पाहायचं म्हणजे जरा जडच जातं.

"टाकी भरून घ्यायला पायजे होती," एवढंच म्हणून ते पुढे चालू लागले.

पुढच्या चौकात पिसाऱ्याच्या दोन बायका उभ्या होत्या. म्हणजे डोक्यावर मोरासारखा उंच पिसारा, आणि बाकी अंगावर पिसाऱ्याच्या मानानं फारच कमी. पैसे घेऊन लोकांबरोबर फोटो काढतात. भास्करराव नजर जमिनीवर ठेवून वाट काढत होते, तेवढ्यात दोघींनी त्यांना दोन्ही बाजूंनी दंडाला धरलं. मी काय करणार? मी फोटो काढला. फोटोत हे गणपती मंडळाच्या कार्यकारिणीत बसल्यासारखे ताठ उभे आहेत, सफारीची सगळी बटणं लावलेली, हात शिवणीला चिकटलेले. रात्रीच्या जेवणाआधी ते माझा फोन चाळत बसले होते आणि कसा कोण जाणे, तो फोटो भावकीच्या ग्रुपवर गेला. मग गावाकडून त्यांच्या थोरल्या भावाचा, आबांचा मेसेज आला: "लई थंडी वाजत आसंल पोरींना."

जेवण म्हणजे बुफे. एका टोकाला उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस ओळखू येत नाही, एवढं अन्न. भास्कररावांनी पूर्ण फेरी मारली, प्रत्येक झाकण उघडून वास घेतला आणि हात हलवत परत आले. शहागंजच्या गल्लीत सकाळी मिळणारा नान-खलिया (मटणाचा पिवळसर रस्सा आणि जाड रोटी) सोडून जगातलं सगळं होतं म्हणे. शेवटी त्यांनी भात घेतला, त्यावर कसलासा रस्सा ओतला आणि खिशातून ठेच्याची पुडी काढली. शेजारच्या टेबलावरच्या एका धिप्पाड काळ्या गृहस्थांनी वासावरून मान वळवली. "मे आय?" म्हणाले. ह्यांनी त्यांना चिमूटभर दिला. त्यांनी तो तोंडात टाकला. मग डोळे पुसून त्यांनी पुन्हा हात पुढे केला. आमच्या वेगासमधल्या पहिल्या मित्राचं नाव आम्हाला अजून माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भास्करराव हरवले.

त्याचं असं झालं की आमच्या हॉटेलात लिफ्टमधून रस्त्यावर जायला कॅसिनोतूनच (जुगाराचा दिवाणखाना) जावं लागे. आणि कॅसिनो म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यातली अंधारी. आत शिरायला वाट आहे, बाहेर पडायची शोधावी लागते. खिडकी नाही, घड्याळ नाही, सरळ रस्ता नाही. देवगिरीवाल्यांनी शत्रूसाठी वटवाघळं ठेवली होती, इथं फुकट सरबत देणाऱ्या मुली ठेवल्या आहेत, एवढाच फरक. मी म्हटलं, आलोच आहोत तर एकदा खेळून बघू. एका मशीनपुढे बसले. मशीनवर तीन म्हशी एका रांगेत आल्या की पैसे. हे म्हणाले, "तू म्हशी धर, मी बाथरूमला जाऊन आलो."

म्हशी काही आल्या नाहीत, आणि हेही आले नाहीत. त्यांच्याकडे सायलीचा जुना फोन, तो वायफाय असलं तरच चालायचा. मी फोन करून पाहिला, लागला नाही. पुरुषांच्या बाथरूमबाहेर उभी राहून आत जाणाऱ्या एका आजोबांना विनंती केली, त्यांनी आत "बॉस्कर!" म्हणून हाक मारून पाहिली. नव्हते. बाहेर ऊन असं की तव्यावर पाय ठेवल्यासारखं. साठी उलटलेला माणूस, रक्तदाबाच्या गोळ्या माझ्या पर्समध्ये, इंग्रजी कारखान्यातलं. मी त्या मशिनांच्या गल्ल्यांमधून अक्षरशः पळत होते. प्रत्येक वळणावर मघाचीच म्हैस दिसायची.

शेवटी एका सुरक्षारक्षकाला गाठलं आणि वर्णन सांगितलं: भारतीय, टक्कल, राखाडी सफारी.

त्याचा चेहरा उजळला. "ओ, मुलीचे वडील? ते चॅपलमध्ये आहेत. दुसरा मजला."

चॅपल म्हणजे लग्न लावायची छोटी प्रार्थनाखोली. तिथं मोठ्या हॉटेलांतून ती असतेच, आपल्याकडे हॉटेलाला हॉल असतो तशी. कुणाच्या मुलीचे वडील, कसली चॅपल, मला काही कळेना. जिना चढून दार ढकललं तर आत पांढरी फुलं, दोन्ही बाजूंना खुर्च्यांच्या रांगा, आणि सगळ्या रिकाम्या. पुढं एका बाईंशी बोलणारं तरुण जोडपं, आणि पहिल्या रांगेत एकटे भास्करराव. सफारीच्या खिशाला पांढरा गुलाब टाचलेला.

"अहो!"

"आलीस व्हय?" ते वळून म्हणाले. "बस. लगीन हाय."

माझा राग, भीती, धाप, सगळं एकदम तोंडाशी आलं आणि कुठलं आधी बाहेर काढावं ते न कळल्यानं मी खुर्चीत बसले. झालं होतं ते असं. हे वाट चुकून वर आले. दार उघडं दिसलं, आत थंडगार, खुर्च्या मांडलेल्या. "खुर्च्या दिसल्या, बसलो," ते म्हणाले. मांडवात रिकामी खुर्ची दिसल्यावर बसू नये असा नियम आपल्याकडे नाही. तेवढ्यात नवरा-नवरी आले. मुलगी एमिली, पोरसवदा, चेहऱ्यावर तीळ, साधा पांढरा फ्रॉक. मुलगा जॉर्डन, तिच्याहून घाबरलेला. ओहायोहून गाडी चालवत आले होते. वेगासात लग्नाला एक साक्षीदार लागतो. त्यांचा मित्र यायचा होता, त्याचं विमान रद्द झालं. चॅपलच्या चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, आमच्या ऑफिसातला माणूस सही करेल, नेहमी करतो. एमिली म्हणाली, पगार घेऊन उभा राहणारा नको, कोणीतरी आपणहून आलेला हवा. आणि पहिल्या रांगेत हे बसलेले. आपणहून.

"मी 'येस' म्हणलो," भास्करराव म्हणाले. "नाय कसं म्हणावं? पोरगी रडायला आल्ती." तेव्हाच त्यांना तो गुलाब टाचला गेला, आणि तो पाहून सुरक्षारक्षक त्यांना नवरीचे वडील समजला.

मग ते उठले आणि यजमानासारखे सगळीकडे बघू लागले. "अक्षता कुठंयत? मामा कोन हाय? नवरीच्या मागं मामा लागतो." मी भाषांतर केलं. अक्षता नव्हत्या, चॅपलवाल्या बाईंनी कापडी पाकळ्यांची परडी आणून दिली. मामाही नव्हता. "बरं, मामा मीच," म्हणून ते एमिलीच्या मागे जाऊन उभे राहिले. आणि तिथून त्यांनी तिला तो प्रश्न विचारला जो आपल्याकडे कोणीही विचारला असता.

"व्हेअर इज फादर?"

एमिली म्हणाली, त्यांना येता आलं नाही.

"नो लीव्ह?"

"नाही. तसं नाही." तिनं हातातल्या फुलांकडे पाहिलं. "ते यावर खूश नाहीयेत."

भास्करराव उसळले. हेच ते, ज्यांच्या आवाजानं वाळूजमध्ये मशिनं बंद पडत. "नॉट हॅपी? नॉट हॅपी सो व्हॉट? डॉटर मॅरेज! हॅपी, नॉट हॅपी, फर्स्ट यू कम! कम, सिट, ईट! देन गो होम, अँड बी नॉट हॅपी! नोबडी विल..."

आणि तिथं थांबले.

तोंड उघडंच राहिलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शाळेत जन्म गेल्यावर एवढं कळतं की चुकलेलं उत्तर पोराला स्वतःलाच ऐकू आलं असेल, तर लाल पेन काढायचं नाही. त्या थंड खोलीत एसीचा आवाज येत राहिला. एमिली गोंधळून एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती.

"सॉरी," भास्करराव तिला म्हणाले. आणि मग, जरा वेळानं, "आय ॲम हिअर."

लग्न लागलं. कापडी पाकळ्या आम्ही दोघांनीच टाकल्या, दोन्हीकडचे वऱ्हाडी आम्हीच. शेवटी ह्यांना राहवलं नाही, त्यांनी "शुभमंगल सावधान!" अशी आरोळी ठोकली की बाहेरचा सुरक्षारक्षक आत डोकावला. जॉर्डननं अर्थ विचारला. मी सांगितलं, मंगल असो, पण सांभाळून. तो म्हणाला, आजवर मिळालेला सर्वांत चांगला सल्ला. मग भास्कररावांनी सही केली. एवढी सावकाश सही मी त्यांना घराच्या खरेदीखतावरही करताना पाहिलं नव्हतं. एमिलीनं त्यांना मिठी मारली. हे गणपती मंडळासारखे ताठ उभे राहिले नाहीत. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

त्यानंतर आम्ही खोट्या आयफेल टॉवरखालच्या कॉफीच्या दुकानात जाऊन बसलो. दुकानात वायफाय होतं. भास्करराव कपातला चमचा नुसताच फिरवत होते.

"सायलीला फोन लाव."

लावला. तिनं उचलला नाही, ड्युटीवर असणार.

"मंग त्याला लाव."

"कुणाला?"

"आता कुणाला म्हंजे? हाय का दुसरा कुनी?"

मी मातेओला लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. मातेओनं उचलल्या उचलल्या घाबरून विचारलं, सगळं ठीक आहे ना, आई ठीक आहेत ना? दोन वर्षांत सासऱ्यानं कधी फोन केलेला नाही म्हटल्यावर माणसाला दुसरं काय वाटणार?

"ऑल ओके," हे म्हणाले. "मातेओ. युवर मॅरेज. हू वॉज विटनेस?"

फोन स्पीकरवर होता, त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं. पलीकडे तो सावकाश, सोप्या इंग्रजीत, एकेक वाक्य सुटं करून सांगू लागला. आमच्याकडे दोन साक्षीदार लागतात. माझ्या बाजूनं माझी आई उभी राहिली. सायलीच्या बाजूनं कोणी नव्हतं. कोर्टात बाकावर एक माणूस बसला होता. गाडी जोरात चालवली म्हणून दंड भरायला आला होता. सायलीनं जाऊन त्यालाच विचारलं. तो उठला. टोपी काढली. आणि तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"देन?"

"देन त्यानं सही केली. आणि तो थोडा रडला."

"कोन रडला?"

"तो. तो माणूस."

"व्हाय?"

"माहीत नाही," मातेओ म्हणाला. "आम्ही विचारलं नाही."

लग्नाचा एक फोटो सायलीनं मला तेव्हा पाठवला होता. त्यात कडेला एक मिशीवाला माणूस टोपी छातीशी धरून उभा आहे. मी त्याला मातेओचा काका समजत होते, आणि शेजारणींनाही तसंच सांगितलं होतं.

भास्कररावांनी "थँक यू" म्हणून फोन ठेवला. शेजारी कोणीतरी मोठ्यानं हसत होतं, वर टॉवरचे दिवे दिवसाढवळ्या लागले होते. मग ते म्हणाले, "दंड भरायला आलेला मानूस रडला. आन मी शेतात ठिबकचा पाइप जोडत होतो."

मी त्यांची कॉफी माझ्याकडे ओढली, गार झाली होती, ती पिऊन टाकली आणि त्यांच्यासाठी दुसरी आणली. अशा वेळी आणखी काय करतात ते मला येत नाही.

संध्याकाळी पाण्यातल्या कसरतींचा खेळ होता. मातेओनं तिकिटं आधीच काढलेली, म्हणून गेलो. उंच छतावरून माणसं उलट्या उड्या मारत होती, स्टेजचं तळं होत होतं, तळ्याचं स्टेज. सगळं नाट्यगृह श्वास रोखून बसलेलं. एक मुलगी नुसत्या दोरीला पायानं लटकून गरागरा फिरायला लागली आणि नेमक्या त्याच वेळी भास्करराव माझ्या कानाशी आले.

"हरभऱ्याची डाळ हाय का घरी?"

"कुठल्या घरी?"

"पोरीच्या."

"असेल. का?"

"पुरन घालू." आणि पुन्हा समोर बघू लागले.

फिनिक्सला मातेओ आम्हाला घ्यायला आला होता. येताना भास्करराव न विचारता पुढच्या सीटवर बसले. मधेच ह्यांनी हात लांबवून स्वतःच एसी वाढवला.

रविवारी मी पुरण घातलं. कटाची आमटी केली, त्यात घरून नेलेला येसर (भाजलेल्या धान्याचा आणि मसाल्यांचा आमच्याकडचा मसाला) घातला. सायली तयार व्हायला आतल्या खोलीत गेली होती. ती बाहेर आली तेव्हा तिच्या वडिलांनी बैठकीतलं टेबल ढकलून, जमिनीवर चादरीच्या घड्या अंथरल्या होत्या. दोन ताटं. ताटांभोवती रांगोळी म्हणून मैद्याची रेघ, ती थोडी वाकडी.

"हे काय आहे, पप्पा?"

"पंगत."

सायली दारातच थांबली. ती माझी मुलगी आहे, पण जिद्द तिनं बापाची घेतली आहे. "दोन वर्षांनी?" ती म्हणाली. "दोन वर्षांनी जेवायला घालताय?"

"व्हय," भास्करराव म्हणाले. "उशीर झाला. बस."

मातेओ तिच्याकडे बघत होता, त्याला शब्द कळत नव्हते पण बाकी सगळं कळत होतं. मग ती येऊन बसली. तोही बसला, त्याचे लांब पाय कुठं ठेवावेत ते त्याला कळेना.

"तुम्ही पण बसा ना, पप्पा," ती म्हणाली. आवाज अजून कोरडाच होता.

"मुलीचा बाप आधी जेवत नसतो."

त्यावर सायली एकदम उठली आणि मोरीकडे जाऊन नळ सोडून उभी राहिली. बराच वेळ पाणी वाहत होतं. एरवी हे "पाणी बंद कर" म्हणून ओरडले असते. त्या दिवशी तूप विरघळतंय का ते बघत बसले. ती तोंड पुसत परत आली, ताटावर बसली आणि म्हणाली, "वाढा."

मग आमच्या ह्यांना चेव आला. एक पोळी, दुसरी पोळी, वर तुपाची धार, "घ्या, घ्या, अजून अर्धी." आपल्याकडे नको असेल तर ताटावर दोन्ही हात आडवे धरून जवळजवळ पालथं पडावं लागतं, हे मातेओला कोणी शिकवलं नव्हतं. तो बिचारा 'थँक यू' म्हणत राहिला, आणि ते त्याला होकार समजत राहिले. शेवटी सायलीनंच त्याच्या ताटावर हात धरला. तेव्हा ती हसत होती. जेवण झाल्यावर मातेओ तिथंच भिंतीला टेकून झोपी गेला, आणि भास्कररावांनी एसीचं तोंड त्याच्या अंगावरून वळवलं.

परत येताना मुंबईहून आमचं विमान चिकलठाण्याला उतरलं तेव्हा दुपार होती, ऊन तसंच होतं, आणि विमानतळावर जुगाराची मशिनं नव्हती, रिक्षावाले होते. घरी आलो, टाकी रिकामी. मी पिशव्या उघडत होते, तेवढ्यात समोरच्या जाधववहिनी चहाचा थर्मास घेऊन आल्या. वेगासला जाऊन आलेली माणसं गल्लीत पहिल्यांदाच आली होती. लोक तिथं नशीब आजमावायला जातात, लाखो जातात, आणि बहुतेक जण रिकाम्या हातानं परततात म्हणे. आम्हीही तीन म्हशी काही जुळवू शकलो नाही. पण पैसे टाकून जे मिळत नाही ते तिथं चुकून, वाट हरवल्यावर मिळू शकतं, असं मी आता कुणालाही शपथेवर सांगेन.

"सांगा ना मग," जाधववहिनी म्हणाल्या. "काय काय बघितलं तिथं?"

मी कारंज्यांपासून सुरुवात करणार होते. पण गॅलरीत वर्तमानपत्र चाळत बसलेले भास्करराव मधेच बोलले.

"लगीन बघितलं."

"अगं बाई! कुणाचं?"

"घरचंच होतं." त्यांनी पान उलटलं. "जरा घाईत झालं, म्हणून कुनाला बोलावता आलं नाय."